वीस मिनिटांची मुलाखत

"हात वर," आत्या म्हणाल्या. "वर म्हणजे पंखा पुसायचा नाहीये. खांद्याच्या रेषेत. हं. तळवे माझ्याकडं."

मी हात आडवे केले. आत्यांनी हातातलं लाटणं माझ्या मनगटापासून दंडापर्यंत नेलं, काखेतून खाली कमरेवर आणलं, मग मागं जाऊन पाठीच्या मधोमध थांबवलं.

"टूंऽऽई," त्यांनी तोंडानं आवाज काढला.

सतरंजीवर पडलेली मुक्ता खदखदून हसली. चार महिन्यांची होती. जगात तिला तेव्हा दोनच गोष्टींचं हसू यायचं, पंखा सुरू झाला की आणि आजी वाजली की.

"काय वाजलं?" आत्यांनी विचारलं.

"हूक. आतल्या कपड्याचा."

"मग? त्या पोरींसमोर उभी राहून काढणार आहेस? बाद. परत दाराबाहेर जा आणि पहिल्यापासून ये."

"आत्या, सकाळपासून सहाव्यांदा."

"कैदी बोलत नाही."

सासूला आमच्या कराडकडं आत्याच म्हणतात. माझ्या आत्यांनी, म्हणजे शालन माने यांनी, तीस वर्षं एका जिल्ह्याच्या तुरुंगात महिला विभागात नोकरी केली होती. शिपाई म्हणून लागल्या, जमादार होऊन निवृत्त झाल्या. आत येणाऱ्या प्रत्येक बाईची झडती त्यांच्या हातून व्हायची. अंबाड्यात विडी, पदराच्या काठात ब्लेड, भाकरीच्या पदरात चिठ्ठी, त्यांनी सगळं शोधून काढलेलं. अशा बाईनं नातीचं नाव मुक्ता ठेवलं, यावर माझा नवरा धैर्यशील अजूनही हसतो.

आता ही घरातली झडती कशासाठी, ते सांगते. मी किर्गिझस्तानात शिकून डॉक्टर झाले होते. पण परदेशात शिकून आलेल्यांना इथं एक परीक्षा द्यावी लागते, ती पास झालं की लायसन्स. तोवर तापाची साधी गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. मी दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा अभ्यास कमी पडला, हे खरं. दुसऱ्यांदा मात्र अभ्यास चोख होता आणि मी गेटवरच हरले, धातू शोधायच्या यंत्रापाशी. यंत्र वाजलं. पुन्हा वाजलं. बाजूला घेतलं, केस सोडायला लावले, कानात बॅटरी मारून बघितलं, पुन्हा वाजलं. कुर्त्याच्या शिवणीत कंपनीच्या नावाची एक इवलीशी धातूची पट्टी निघाली. कुणी वाईट बोललं नाही, कुणी चुकलंही नाही. पण खुर्चीवर बसल्यावर पहिले चाळीस प्रश्न मी वाचले की नुसते बघितले, मला आजही सांगता येणार नाही. नऊ मार्कांनी गेले.

तिसरी खेप शेवटची, हे माझं मीच ठरवलं होतं. नाहीतर सर्टिफिकेट गुंडाळून ठेवायचं आणि दुसरं काहीतरी बघायचं. आणि आता तर मुक्ता होती. ती बाटलीला तोंड लावत नव्हती. वाटी-चमच्यानं काढलेलं दूध दिलं तर अर्धं आजीच्या मांडीवर आणि अर्धं स्वतःच्या कानात. महिनाभर आम्ही सगळे प्रयोग केले. आईशिवाय ती उपाशी राहायला तयार होती.

"तुझ्यावर गेलीये," धैर्यशील आत्यांना म्हणाला.

"माझ्यावर गेली असती तर बाटली फोडली असती," आत्या म्हणाल्या.

परीक्षा एका दिवसात दोन पेपरांची. सकाळी साडेसातला आत, पहिला पेपर साडेअकराला सुटायचा, दुसऱ्यासाठी गेट सव्वाबाराला बंद. मधे बाहेर यायला आमच्या सेंटरवर परवानगी होती, पण परत आत जाताना झडती पहिल्यासारखीच. पंचेचाळीस मिनिटं. त्यात बाहेर यायचं, मुक्ताला पाजायचं, रांगेत लागायचं, यंत्राखालून जायचं. गेट बंद झालं तर वर्षाचा अभ्यास फुटपाथवर.

आत्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. बाहेर पडायला पाच मिनिटं. चालत चार. परत चार. रांग आणि झडती दहा. "आणि मुलाखत वीस," त्या म्हणाल्या.

"कसली मुलाखत?"

"तुझी आणि मुक्ताची. आमच्याकडं नातेवाईक भेटायला आले की मुलाखतच म्हणायचो. वीस मिनिटं. एकविसावं नाही. किती झाली सगळी?"

"त्रेचाळीस."

"दोन शिल्लक. ती शिल्लक ठेवायची असतात, वापरायची नसतात."

हुकाचं त्यांनीच सोडवलं. पाजणाऱ्या बाईला पुढून उघडणारा कपडा हवा आणि परीक्षेच्या नियमात बटण नको, चेन नको, हूक नको, मोठ्या बाह्या नकोत. बाजारात असा कपडा नव्हता. आत्या शिवणकाम तुरुंगातच शिकलेल्या, कैदी बायकांच्या शेजारी बसून. त्यांनी दोन दिवस मशीन घरघरवली आणि पांढऱ्या मलमलीचा एक प्रकार माझ्यापुढं धरला. पुढं एक पदर दुसऱ्यावर येणारा, काखेजवळ दोन नाड्या. आतला कपडाही तसाच, नाडीवाला.

मी बघत राहिले. "आत्या, हे झबलं आहे."

"मग? मापात मोठं आहे की."

मुक्ताच्याच झबल्याचं कापड उरलं होतं, त्यातनं काखेच्या पट्ट्या लावलेल्या. धैर्यशील कारखान्यातून आला, साखरेचा वास घेऊन, आणि मला न् मुक्ताला एकाच कपड्यात बघून दारातच बसला. तो साखर कारखान्यात केमिस्ट. गाळप सुरू होतं, डिसेंबर होता, त्याला रजा मिळणार नव्हती. म्हणून परीक्षेला पुण्याला माझ्याबरोबर आत्या येणार होत्या.

"दोघींत परीक्षेला कोण चाललंय तेवढं नक्की लक्षात ठेव आई," तो म्हणाला.

मग सराव. जोडवी, चमकी, मंगळसूत्र पहिल्याच दिवशी काढून झालं. मला वाटलं होतं मंगळसूत्रावर जरा थांबतील. त्यांनी कागदावर यादी केली, माझी सही घेतली, डबीला चिकटपट्टी लावली. "आत येताना सगळ्याच काढतात," एवढंच म्हणाल्या. केसांचा अंबाडा नाही, रबर नाही, कापडी पट्टीनं मागं बांधायचे, कान उघडे. कार्ड उजव्या हातात, चपला डाव्या. कुणी विचारायच्या आत वळायचं. पहिल्या दिवशी मला अकरा मिनिटं लागली. आठवड्यानं साडेतीन. लाटणं कुठंही थांबलं तरी मी आता दचकत नव्हते, कारण आत्या कधी कधी मुद्दामच वाजायच्या.

"काही नसताना पण यंत्र वाजतं," त्या म्हणायच्या. "वाजलं की बाई घाबरते, घाबरली की चुकते, चुकली की संशय. तू नुसती उभी राहा. तुझ्याकडं काही नाही, हे तुला ठाऊक आहे ना? मग यंत्राला काय करायचंय ते करू दे."

सेंटर पुण्याबाहेर होतं, एका नव्या रस्त्यावर. आदल्या दिवशी धैर्यशीलच्या मावसबहिणीकडं उतरलो आणि आत्या एकट्याच रिक्षानं जाऊन जागा बघून आल्या. समोर एक झेरॉक्सचं दुकान, मागं एक खोली, मालकीणबाई चांगली. "पडदा आहे. पंखा आहे. गेटपासून दोनशे नव्वद पावलं. माझी. तुझी कमी होतील."

सकाळी गेटवर धुकं होतं. दोनेकशे पोरंपोरी, हातात कागद, तोंडातल्या तोंडात औषधांची नावं. बायकांच्या रांगेला तपासायला एकच मुलगी होती, फार तर बावीस वर्षांची, गणवेश दोन मापं मोठा. तिनं यंत्र फिरवलं. माझ्या उजव्या खांद्यापाशी ते वाजलं.

आणि मला हसू आलं. मला लाटणं दिसलं. मुक्ताचं बोळकं दिसलं. मी हात तसेच ठेवून उभी राहिले. तिनं पुन्हा फिरवलं. नाही वाजलं.

"हे काय घातलंय?" तिनं नाडीला हात लावत विचारलं.

"झबलं."

"कुठं मिळतं?"

"सासूबाई शिवतात."

"भारीय," ती म्हणाली. "जा."

पहिला पेपर बरा गेला. खूप बरा गेला, पण तसं मनातसुद्धा म्हणायची हिंमत नव्हती. साडेअकराला मी बाहेर आले तेव्हा झबल्याचे पुढचे दोन्ही पदर ओले होते. घड्याळ आत न्यायला बंदी, म्हणून वेळ सगळी आत्यांच्या हातात होती, खरोखरच. नोकरीत असताना वापरायच्या ते मनगटी घड्याळ त्यांनी तळहातात धरलं होतं. रस्त्याच्या पलीकडून मुक्ताचं रडणं ऐकू येत होतं, आणि त्यावर आत्यांचा आवाज, "आली, आली बघ, तारखेवर आली."

झेरॉक्सच्या मागच्या खोलीत कागदाच्या रिमांची चवड होती, तिच्यावर मी बसले. "अकरा एक्केचाळीस," आत्या म्हणाल्या आणि समोर स्टुलावर बसल्या. "बारा एकला उठायचं. तू वेळ बघू नकोस. मी सांगते."

मुक्तानं आधी रागानं डोकं हलवलं, मग एकदम शोधलं आणि तिला सापडलं. तिची मूठ माझ्या बोटाभोवती बसली. पहिली दोन-तीन मिनिटं ती हुंदके देत पीत होती, मग हुंदके थांबले. बाहेर झेरॉक्सचं यंत्र एका तालात चाललं होतं. माझं डोकं प्रश्नांनी ठणकत होतं, ते हळूहळू रिकामं झालं. पाच तासांत पहिल्यांदा मी कुणाच्याही परीक्षेत नव्हते. मी डोळे मिटले. आत्या सांगतील.

"अहो मॅडम," पडद्यातून मालकीणबाईचं डोकं आलं. "पोरं सगळी आत चालली की. तुमचं नाही का आता?"

मी डोळे उघडले. आत्या समोरच होत्या. जाग्या. घड्याळ तळहातात, नजर घड्याळावर.

"आत्या, किती वाजले?"

"बारा आठ."

"आठ?"

"पीत होती अजून," आत्या म्हणाल्या.

सात मिनिटं. ज्या बाईनं मला अकरा मिनिटांवरून साडेतीनवर आणलं, तिनं सात मिनिटं नुसती बघत घालवली. मला रडू यायच्या आधी राग आला आणि रागाच्या आधी पाय पळायला लागले. नाड्या पळता पळता बांधल्या. मागून आत्या, खांद्यावर मुक्ता, कमरेला पदर खोचलेला.

गेटवर बायकांची रांग नव्हती, घोळका होता. वीस-बावीस मुली, कुणी वडापाव खाऊन आलेल्या, कुणी केसांतल्या पिना काढतायत, एक पर्समध्ये कार्ड शोधतेय, एकीच्या कानात अजून डूल. तपासणारी ती मुलगी एकीला वळायला सांगायची तर दुसरी मधे घुसायची. आतला माणूस साखळी हातात घेऊन घड्याळाकडं बघत होता. पाच मिनिटं उरली होती. मी सगळ्यांत शेवटी. पुढं जाऊ द्या म्हणावं, तर तिथं प्रत्येकीचंच वर्ष होतं.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज फुटला. तसा आवाज मी आत्यांच्या तोंडून घरात कधी ऐकला नव्हता. तो दगडी भिंतींसाठी तयार झालेला होता.

"एऽऽक लाइन!"

सगळ्या मुली जागच्या जागी थांबल्या. आतला साखळीवाला थांबला. पलीकडची पोरांची रांगसुद्धा सरळ झाली.

"पिशव्या मागं टाका! कार्ड उजव्या हातात, चपला डाव्या! केस मागं, कान उघडे! ए डूलवाली, काढ, मैत्रिणीकडं नको देऊस, तिलाही जायचंय, इकडं दे! यंत्राखाली आलं की बोलायचं नाही, हात आडवे, स्वतः वळायचं! जिची तयारी नाही तिनं बाजूला होऊन तयारी करायची! चल, पहिली!"

या गडबडीत मुक्तानं आजीच्या खांद्यावर एक सणसणीत ढेकर दिला.

रांग चालायला लागली. खरंच चालायला लागली, पट्ट्यावर ठेवल्यासारखी. हात आडवे, वळ, पुढं. हात आडवे, वळ, पुढं. ती गणवेशातली मुलगीही आत्यांच्या तालावर यंत्र फिरवत होती, आणि तिची पाठ नकळत ताठ झाली होती. साखळीवाला पुढं आला.

"ओ मावशी, तुम्ही कोण?"

"रिटायर," आत्या म्हणाल्या. "पुढची!"

तो साखळीपाशी परत गेला.

माझ्या आधीची मुलगी आत गेली तेव्हा साखळी अर्धी ओढलेली होती. मी कार्ड उजव्या, चपला डाव्या हातात घेऊन हात आडवे केले. यंत्र वाजलं नाही. अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला. गणवेशातली मुलगीच म्हणाली, "मॅडम, पळा." साखळी माझ्या मागं लागली. मी वळून बघितलं तर आत्या परक्या मुलीचे डूल हातात घेऊन उभ्या होत्या आणि मुक्ता त्यांच्या खांद्यावर झोपलेली होती. तोंड उघडं, पोट भरलेलं, काही काही मागणं नसल्यासारखी.

दुसऱ्या पेपरला मी एकदाही तिच्या रडण्याचा विचार केला नाही. दीड महिन्यानं निकाल लागला. पास झाले, चोवीस मार्क जास्तीचे घेऊन. आज ज्या ग्रामीण रुग्णालयात मी बसते, तिथली खुर्ची त्या निकालाची आहे. पण मला सांगायची गोष्ट निकालाची नाही. ती त्याच संध्याकाळी एसटीत घडली.

कात्रजचा बोगदा मागं पडला होता. डूल त्या मुलीला परत मिळाले होते, मुक्ता चारपर्यंत झोपली होती, आता माझ्या मांडीवर पिऊन पुन्हा झोपत होती. शेजारी खिडकीशी आत्या बसल्या होत्या. दुपारपासून आम्ही त्या सात मिनिटांबद्दल बोललो नव्हतो.

"आत्या, वीस मिनिटं झालेली तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं."

"मग?"

आत्या खिडकीकडंच बघत म्हणाल्या, "एक होती आमच्याकडं. कशात आली होती ते सोड. सासरच्यांनी पोर ठेवून घेतलेलं, आत पाठवलं नाही. तान्हं. गुरुवारी तिची आई कसंबसं त्यांच्याकडनं मागून आणायची. साहेबांनी परवानगी दिलेली, माझ्यासमोर बसून पाजायची. वीस मिनिटं. झाली की मी टाळी वाजवायचे. वेळ संपली."

"आणि ती?"

"शहाणी होती. आपणहून काढून द्यायची. पोर तोंडानं नुसतं शोधत राहायचं. मला ओढावं लागलं नाही कधी." त्यांनी पदरानं खिडकीची काच पुसली, पुसायला तिथं काही नव्हतं. "दर गुरुवारी म्हणायचे, आज एक मिनिट जास्त देऊ. कोण बघतंय? नाही दिलं. धैर्या तेव्हा सात महिन्यांचा, घरी. मलाही डबल ड्यूटी. वाटायचं, मला कोण देतंय जास्तीचं."

एसटी खड्ड्यातून गेली. मुक्तानं झोपेत ओठ हलवले.

"आज बारा एकला तोंड उघडलं होतं मी," आत्या म्हणाल्या. "टाळीसाठी हात पण उचलला. आलंच नाही."

मी मुक्ताचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

"तुझ्या परीक्षेवर केलं, ते चुकलं," त्या म्हणाल्या. "चूकच ती. पाहिजे तर लेखी देते."

"द्या," मी म्हटलं. "दोन प्रतींत."

त्या हसल्या. खळखळून नाही, नाकातून, पण हसल्या. "पेपर कसा गेला ते तरी सांग की."

"चांगला गेला, आत्या."

"मग झालं तर."

खंबाटकीचा घाट यायच्या आत त्यांना डुलकी लागली. घरात त्या सगळ्यांच्या नंतर झोपायच्या आणि सगळ्यांच्या आधी उठायच्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मी त्यांना झोपलेलं पहिल्यांदाच पाहत होते. आधी मान खिडकीवर आपटली, मग हळूहळू इकडं झुकली आणि माझ्या खांद्यावर आली. मांडीवर एक, खांद्यावर एक. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला. कंडक्टर तिकिटं बघत आला, त्याला मी मानेनंच खूण केली की नंतर या. सातारा स्टँडवर गाडी वीस-पंचवीस मिनिटं थांबली, चहावाले ओरडत राहिले, आणि मी हलले नाही.